दोन खटांमधली दहा मिनिटं

गेल्या जानेवारीत आमच्या घरात दर दहा मिनिटांनी ‘खट’ असा आवाज व्हायचा. कोठीच्या खोलीत, डब्यांच्या फळीसमोर स्टँडवर माझा कॅमेरा उभा होता. त्याच्यासमोर एक मातीची कुंडी आणि कुंडीत पेरलेला वाटाणा. रात्रंदिवस दहा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला १४४. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात, तेव्हा सबंध दिवसाचे होतात सहा सेकंद. दहा दिवसांचं एक मिनिट. हा हिशेब मी ऑफिसात कर भरायच्या एका जुन्या चलनाच्या पाठीवर मांडला आणि मग तो डोक्यातून जाईना. एक तास म्हणजे पाव सेकंद. पापणी लवते तेवढ्यात तास गेलेला.

मी बडोद्यात राहते, दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला, एका जुन्या दुमजली घरात. एका कारखान्यात हिशेब बघते. महिन्याच्या ज्या तारखांना कराची विवरणपत्रं भरायची असतात त्या दिवसांत मला स्वतःचं नावही आठवत नाही. उरलेल्या दिवसांत पहाटे पाच ते साडेसहा आणि रविवार मी सिनेमाला देते. सहा वर्षांत नऊ लहान फिल्म झाल्या. सगळ्यांत मोठी चौदा मिनिटांची, सगळ्यांत छोटी सव्वा मिनिटाची. एकीतूनही पैसा आला नाही आणि येणारही नाही.

लोक विचारतात, मग कशासाठी? या प्रश्नाने मी पूर्वी गडबडायचे. आता नाही गडबडत, कारण या घरात हा प्रश्न मुळात नवा नाही. माझे सासरे गणेशोत्सवात नाटकात काम करायचे. दिवसभर कचेरी, संध्याकाळी तालीम, दोन महिने पाठांतर आणि प्रयोग मात्र एकच. त्याला हौशी रंगभूमी म्हणत आणि त्या ‘हौशी’ शब्दात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट नाटक पाडलं तर भाजीवालासुद्धा दुसऱ्या दिवशी बोलून दाखवायचा. हौशी माणसाला कुणी पगार देत नाही. पण म्हणून त्याला काम वाईट करायची मुभाही नसते. मी स्वतःला त्याच पंगतीत धरते.

आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वी एक इंजिनियर काका राहायचे. त्यांच्याकडे सुपर एट कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याची फिल्म पन्नास फुटांच्या डबीत यायची. सेकंदाला १८ चौकटींनी चालवली तर तीन मिनिटं वीस सेकंद, की संपली. काका सांगायचे, एका लग्नाला एकच डबी. म्हणजे हार घालतानाचे बारा सेकंद, पंगतीचे आठ, वरमाईचे पाच, असं मनात आधी वाटून घ्यायचं आणि मगच बटण दाबायचं. माझ्या कार्डावर तासन्‌तास मावतात. तरी कॅमेरा सुरू करताना मला त्यांची ती वाटणी आठवते आणि हात थोडा थांबतो. तो थांबावाच.

वाटाणा मात्र माझ्या डोक्यात आला तो दादासाहेब फाळक्यांमुळे. फाळके म्हटलं की सगळ्यांना ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर आणि ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. आम्हा बडोदेकरांना त्याआधीची पंचवीसेक वर्षं आठवायला हवीत. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८६ साली थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आला. पुढे इथल्या कलाभवनात चित्रकला शिकला, इथेच त्याने छायाचित्रणाचा नाद लावून घेतला. कलाभवन सयाजीरावांनी १८९० साली उभं केलं. सयाजीरावसुद्धा नाशिक जिल्ह्यातलेच, कवळाण्याचे. एक मुलगा दत्तक होऊन राजा व्हायला आला, दुसरा हातात काही नसताना शिकायला आला. आज त्या इमारतीत विद्यापीठाची इंजिनियरिंगची मुलं शिकतात. मी ऑफिसला जाताना रोज तिच्यावरून स्कूटर नेते आणि रोज एकदा तिच्याकडे बघते.

तर १९१२ साली फाळक्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा घेतला. सिनेमाला पैसे घालणारा कुणी हवा होता आणि हलतं चित्र म्हणजे काय हे त्याला दाखवायचं होतं. फाळक्यांनी घरातच एका कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोड्या थोड्या चौकटी टिपत त्या रोपाची वाढ पडद्यावर आणली. बी रुजतंय, कोंब वर येतोय, वेल होतेय, सगळं एका मिनिटाच्या आसपास. त्यात ना नट होता, ना पडदे, ना मुकुट. भारतातल्या मोठ्या सिनेमाची सुरुवात अशी घरातल्या कुंडीपासून झाली, हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

आणि त्या घरात सरस्वतीबाई होत्या. त्या वेळी कोरी फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. भोकं घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम रात्री, घरातलं सगळं आवरल्यावर, सरस्वतीबाई करत. फिल्म धुवायच्या त्या. चित्रीकरणात भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या त्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. भांडवलासाठी अंगावरचे दागिने गहाण ठेवले तेही त्यांनीच. लग्नाआधी त्यांचं नाव गिरिजा होतं. फाळक्यांच्या घरात आल्यावर सरस्वती झालं. हे सगळं मी वाचलं होतं, मला पाठ होतं आणि कुणी चहाला आलं की मी मोठ्या प्रेमाने सांगायचेही. आपल्याच घरात ते कसं लागू होतं, हे मात्र मला वाटाण्याने शिकवलं.

पहिला वाटाणा मी डिसेंबरात खिडकीत लावला. खंडेराव मार्केटच्या बाहेर रोपं-बियाणं विकणाऱ्याकडून बी आणलं, रात्रभर भिजवलं, सकाळी पेरलं. खिडकीत ऊन छान येतं, मग खिडकीच बरी, असा माझा विचार. सात दिवसांनी फोटो एकापुढे एक लावून चालवले आणि डोळे दुखायला लागले. सकाळी पिवळा उजेड, दुपारी पांढरा, ढग आला की राखाडी, रात्री ट्यूबचा हिरवट. सहा सेकंदांत हे सगळं धडाधड डोळ्यांवर आपटत होतं आणि त्यात बिचारा कोंब कुठे दिसतच नव्हता. रोप तर उजेडाकडे इतकं कललं की चौकटीतून निम्मं बाहेर गेलं. कॅमेऱ्यातल्या आपोआप चालणाऱ्या सगळ्या सोयी मी बंद करायला हव्या होत्या. उजेड, रंग, फोकस, काहीच त्याच्यावर सोपवायचं नाही, सगळं एकदा हाताने लावायचं आणि मग शिवायचं नाही. आणि खिडकी तर नकोच.

बिनखिडकीची खोली आमच्या घरात एकच, कोठी. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आईंची. तिथे गव्हाच्या, तांदळाच्या कोठ्या आहेत, लोणच्याच्या बरण्या आहेत, मेतकुटाचा पितळी डबा आहे. मी तिथली एक फळी मागितली. आई म्हणाल्या, “मूक की तुझा कॅमेरा. पण डबे इकडचे तिकडे करू नकोस, मला अंधारातही सापडायला हवेत.” ‘मूक’ म्हणजे ठेव. आमचं बडोद्याचं मराठी असंच आहे. आम्ही भाजी समारतो, म्हणजे चिरतो, हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसतो, आणि एखादी गोष्ट जमत नसेल तर ती आम्हाला फावत नाही. पुण्याची नातलग मंडळी हसतात. मला ही भाषा फार आवडते आणि तिच्यासाठी पुढेमागे एक सबंध फिल्म करायची आहे.

कोठीत मी नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे लावले, त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणला, मागे काळं कार्डशीट. इथे एक बारीक गोष्ट सांगते, नवीन करणाऱ्यांना उपयोगी पडेल. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. स्वस्त दिवा त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हलतं चित्र घेताना शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे येत नाहीत. मला तर घाई काहीच नव्हती, रोप कुठे पळतंय, म्हणून मी प्रत्येक फोटोला अर्धा सेकंद दिला. अर्ध्या सेकंदात पन्नास लुकलुका मावतात, सगळं सारखं होऊन जातं. बॅटरीच्या जागी भिंतीच्या विजेवर चालणारी डमी बॅटरी घातली. सगळं लावून झालं, पाच दिवस नीट चाललं.

सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी कोठीत गेले तर मिट्ट काळोख. कॅमेरा आपला खट करतोय, अंधाराचे फोटो काढतोय. रात्री साडेदहाला आईंनी सवयीने दिवा मालवला होता. पन्नास वर्षं ज्या बाईने झोपण्याआधी घरातला प्रत्येक दिवा बंद केलाय, तिला मी नुसतं ‘इथे माझं काम चाललंय’ एवढं सांगितलं होतं. काम काय, दिवा का हवा, किती दिवस हवा, काहीच नाही. सात तासांचे ४२ फोटो काळे. पावणेदोन सेकंद. नेमकं त्याच रात्री पहिलं पान उलगडलं होतं.

मी बोलले त्यांना. आवाज चढवून बोलले. आठ दिवसांची मेहनत वगैरे. त्या काही म्हणाल्या नाहीत, चहा ठेवायला गेल्या. मी ऑफिसला गेले आणि दुपारी डबा उघडला तर त्यात गुळाची पोळी होती. मला घास गिळेना.

संध्याकाळी मी आईंना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आदल्या पाच दिवसांचे फोटो चालवून दाखवले. तीस सेकंद. त्यातले पहिले चोवीस नुसती माती. पण ती माती स्वस्थ नव्हती. ती फुगत होती, खाली बसत होती, मध्येच एक भेग पडत होती, खडा सरकत होता. मग एका जागी ढेकूळ उचललं गेलं आणि खालून कोंब आला, मान खाली वाकवून. वाटाण्याचा कोंब तसाच येतो. टोकाचं कोवळं पान मातीत घासटू नये म्हणून पाठ पुढे करून वर येतो आणि बाहेर आल्यावर मग मान उचलतो. आई खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, “परत लाव.” तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “माती एकदम काळी होते आणि मग पांढरी पडते, ते डोळ्याला खुपतं. तू पाणी एकदम घालतेस.”

मला ते दिसलंच नव्हतं. मी रोज सकाळी वाटीभर पाणी घालायचे. ओली माती काळी, सुकली की फिकट. पडद्यावर ते दर सहा सेकंदांनी श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. इतके दिवस मी तेच चित्र बघत होते, पण मी कोंब बघत होते. त्यांनी माती बघितली.

तिसरा वाटाणा आम्ही दोघींनी लावला. देवघरातल्या पळीपंचपात्रातली एक जादा पळी आईंनी कोठीत आणून ठेवली. खट झालं की आत जायचं, कुंडीच्या कडेने दोन पळ्या पाणी सोडायचं, बाहेर यायचं. दर तिसऱ्या-चौथ्या खटाला. मातीचा रंग ढळला नाही पाहिजे. स्टँडला धक्का नको म्हणून त्या पदर खोचून, भिंतीला पाठ लावून आत शिरायच्या. दिव्याच्या बटणावर त्यांनी स्वतःच चिकटपट्टी लावली. रात्री दोन वाजता उठल्या की एकदा डोकावून यायच्या. मी ऑफिसात असताना घरातून फोन यायचा, “पान दुसरं सुटलं बरं का.” दिवसभर कुणाला काय हवं नको ते बघायचं, ते बघताना कान एका आवाजाकडे ठेवायचा. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत दुसरं काम करणाऱ्या बाईला ते येतंच.

आणि मग ती दहा मिनिटं आली.

एका रविवारी मी कोठीत बसून दिवे तपासत होते. आई पाणी सोडून तिथेच पाटावर टेकल्या आणि बोलायला लागल्या. या कोठीबद्दलच. मी ऐकता ऐकता रेकॉर्डर काढला, विचारलं, चालू करू का? त्या म्हणाल्या, कर. तेव्हापासून सात-आठ दिवस आम्ही तसंच केलं. खट झालं की बोलायचं, पुढचा खट यायच्या आधी थांबायचं, नाहीतर तो आवाज बोलण्यात घुसतो. घड्याळ न बघता त्यांना कळायचं की आता नऊ मिनिटं झाली. मध्येच हात वर करायच्या, आम्ही दोघी गप्प बसायचो, खट व्हायचं, पुढे सुरू.

आवाजाचं काम मला चित्रापेक्षा अवघड वाटतं. वाईट उजेडातलं चित्र लोक चालवून घेतात, पण शब्द कळला नाही की माणूस उठून जातो. घरात आवाज धरायचा तर आधी पंखा बंद, मग पाण्याचा पंप, मग फ्रिज. फ्रिज बंद केला की मी स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेवते. बाहेर जायला निघाले की किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज परत चालू होतो. ही युक्ती आवाज धरणाऱ्या मंडळींमध्ये जुनी आहे आणि तिने आमचं पुष्कळ दूध वाचवलंय. शेवटी कुणी न बोलता मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. कोठीचा आवाज फार वेगळा निघाला. धान्य आवाज पिऊन टाकतं. तिथे बोललेलं कानाशी बोलल्यासारखं येतं. स्टुडिओत जे करायला पैसे मोजतात ते आमच्याकडे गव्हाच्या कोठ्यांनी फुकट केलं.

आई काय काय बोलल्या! त्या १९७१ साली साताऱ्याकडच्या एका गावातून लग्न होऊन इथे आल्या, एकोणिसाव्या वर्षी. स्टेशनवर उतरल्यावर पहिल्यांदा गुजराती ऐकलं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना त्यांना एरंडेल चोळायचं, त्याला इथे दिवेल म्हणतात, ते त्यांना आधी दिव्याचं तेल वाटलं आणि त्या घाबरल्या की हे लोक खाण्याच्या धान्याला हे काय लावतात. घरात सोळा माणसं. रडायचं तर जागा ही एकच, कोठी, कारण इथे आलं की कुणी विचारत नाही, तांदूळ काढायला आली असेल म्हणतात. कोठीची किल्ली त्यांच्या सासूबाईंच्या कमरेला. ती यांच्या हातात आली अकरा वर्षांनी. “दिली म्हणजे काय, समारंभ नाही केला. एक दिवस म्हणाल्या, डाळ काढून आण, आणि किल्ली पुढे केली. परत मागितली नाही.”

एका दहा मिनिटांत त्या लग्नातलं सांगत होत्या. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं ते. “त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, सगळे हसले, उखाणा घेतला. मग ते ताट कुणीतरी उचललं. ते तांदूळ याच कोठीत आले असणार. दुसऱ्या दिवशी भात झाला असेल त्यांचा.” एवढं बोलून त्यांनी हात वर केला. खट झालं. त्यानंतर त्या लोणच्याच्या बरण्यांबद्दल बोलायला लागल्या आणि मीही मागे जाऊन काही विचारलं नाही.

चौदा दिवस असे गेले. २,०१६ फोटो. मग वाटाण्याला तणावे फुटले आणि माझा सगळा हिशेब बदलावा लागला. तणावा म्हणजे पानाच्या टोकाला असतो तो धाग्यासारखा हात. तो आधार शोधत हवेत गोल फिरतो. आमच्या रोपाचा तणावा दोनेक तासांत एक फेरी मारत होता. दहा मिनिटांनी फोटो काढला तर सबंध फेरीला बारा चौकटी, अर्धा सेकंद. पडद्यावर ते चाबूक मारल्यासारखं दिसलं. मला ते शोधणं दिसायला हवं होतं. मी वेळ दोन मिनिटांवर आणली. आता एका फेरीला साठ चौकटी, अडीच सेकंद. आता तो हात चाचपडताना दिसू लागला. सावकाश यायचा, काही न लागता निघून जायचा, परत यायचा.

आधार काय द्यायचा? आमच्या गच्चीवर उत्तरायणाचे फाटके पतंग अडकलेले होतेच. बडोद्यात १४ जानेवारीनंतर महिनाभर ते तारांवर, झाडांवर लोंबत असतात. माझ्या मुलीने एका पतंगाची कामटी सोडवून आणली आणि कुंडीत रोवली. दुसऱ्या रात्री तणाव्याने ती धरली. ते २७ फोटो मी किती वेळा बघितले असतील. टोक कामटीला लागतं, क्षणभर सरकून पुढे जातं, मग परत येऊन वळसा घेतं, आणि मग दुसरा. घट्ट झाल्यावर सगळं रोप त्या बाजूला थोडं ओढलं जातं.

दोन मिनिटांच्या खटात बोलणं होईना, त्यामुळे ते पाच दिवस आम्ही कोठीत गप्पच बसलो. एकोणीस दिवसांत मिळून ५,६१६ फोटो झाले. वीज लागली आठ युनिटांच्या आसपास.

मध्ये एका रविवारी नदीवरही जाऊन आले. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीचा काठ दिसतो आणि थंडीत मगरी उन्हाला येऊन पडतात. भर शहरात, वरून बस चाललीय आणि खाली मगर. तीन तास उभी राहिले. एका मगरीने जबडा उघडला, तसाच ठेवला, मिटला. अकरा सेकंद वापरण्याजोगे मिळाले. वाटाण्याला वेळ आवळावा लागतो, मगरीला आहे तसा द्यावा लागतो. ते अकरा सेकंद कुठल्या फिल्ममध्ये जातील ते अजून ठरलेलं नाही. दोन हार्ड डिस्कवर जपून ठेवलेत. एकदा कार्ड पुसताना मी एक अख्खी सकाळ गमावली आहे, तेव्हापासून दोन प्रती झाल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही.

जोडकाम फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे झालं. आईंच्या बोलण्याची साडेचार तासांची ध्वनिफीत आणि साडेतीन-चार मिनिटांचा वाटाणा. मी आधी बोलण्याखाली रोप दाखवत गेले आणि सगळं बिघडलं. ‘किल्ली’ म्हटलं की कोंब, ‘सासूबाई’ म्हटलं की पान, असं काहीतरी अर्थ चिकटवल्यासारखं व्हायला लागलं. दोन आठवडे त्यात गेले. मग मी दोन्ही सोडवून ठेवलं. रोप चालतं तेव्हा कोठीचा नुसता आवाज. आई बोलतात तेव्हा डबे, बरण्या, त्यांचे हात, पळी. मधूनमधून खट. सुरुवातीला तो आवाज काढून टाकायला मी धडपडत होते. शेवटी त्यानेच सगळी फिल्म बांधली, कारण त्याच्या आधी येणारी आईंची शांतता मला कुठल्याही शब्दापेक्षा खरी वाटली. फिल्म सात मिनिटांची झाली. तांदळातल्या नावाचा भाग मी ठेवला, हात वर होईपर्यंत.

एप्रिलमध्ये गच्चीवर दाखवली. दोरीला पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, वीस-बावीस माणसं, खाली सेवउसळ. चोवीस सेकंदांच्या मातीतले सहा मी ठेवले होते. कोंबाने ढेकूळ उचललं तेव्हा मागे बसलेला एक लहान मुलगा ओरडला, “आला, आला!” मला त्याहून वेगळं काही नको होतं.

पण त्या रात्री दाखवली तेव्हा श्रेयनामावली अपुरी होती. माझ्या आधीच्या आठ फिल्म मी परत काढून बघितल्या. लेखन, छायालेखन, ध्वनी, संकलन, चारही ठिकाणी माझंच नाव. ज्या दिवशी मी पहाटे घाटावर गेले त्या दिवशी मुलीचा डबा कुणी केला, पाहुण्यांना कुणी बसवलं, पावसात स्टँड धरून कोण उभं राहिलं, त्यातलं एकही नाव नाही. सरस्वतीबाईंची गोष्ट मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी बसून लिहिलं. प्रकाशयोजनेत मदत, नवरा. कामटी आणि उपशीर्षकं, मुलगी. आईंसाठी मी बरेच शब्द लिहून खोडले. वेळपालन लिहिलं, सहदिग्दर्शन लिहिलं. शेवटी त्यांनाच विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या, बाजारच्या.

“पाणी लिही,” त्या म्हणाल्या. “पाणीच दिलं ना.”

“आणि नाव?”

मी आधीच टाइप करून ठेवलं होतं, त्यांचं, सासऱ्यांचं, आडनाव. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. म्हणाल्या, “हे नको. माहेरचं लिही.” आणि त्यांनी ते सांगितलं. या घरात चोपन्न वर्षांत ते कुणी हाक मारायला वापरलं नव्हतं. मी तरी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

मी टाइप केलं. त्यांनी वाकून बघितलं.

“वेलांटी दुसरी. दीर्घ आहे ती.”

दुरुस्त केलं. बाकीची नावं जातात तसं तेही दोन सेकंद ठेवलं होतं, ४८ चौकटी. चालवून दाखवलं. आईंच्या हातात सोललेली शेंग तशीच होती.

“इतक्यात गेलं? थोडं जास्त थांबव. मला चष्मा लावायला वेळ लागतो.”

१२० चौकटी केल्या.